वनभोजन, यवतमाळ जिल्ह्यातील

घराबाहेर शेतात, अमराईत, नदीकाठी वा देवस्थानाजवळ कुटुंबीयांनी व आप्तेष्टांनी एकत्र येऊन केलेले भोजन. कार्तिकातील आवळीभोजन व नवसाचे जेवण ही त्याची जुनी धार्मिक रूपे होत. जिल्ह्यातील वनभोजनाचे पदार्थ पूर्वी शेतातील पीक व जागेवर पेटविलेला विस्तव यांवर अवलंबून असत. या दोन्ही बाबी पालटल्या, तसे पदार्थही पालटले.

ज्वारी, कापूस व तूर ही येथील पारंपरिक पिके. ज्वारीची कोवळी कणसे गोवऱ्यांच्या आरात भाजून हातावर चोळीत आणि तो हुरडा गूळ किंवा जवसाची चटणी यांबरोबर खात. तुरीच्या ओल्या शेंगा उकडीत. मुख्य जेवण रोडग्यांचे असे. जाडसर दळलेल्या कणकेच्या पाऱ्या तेल लावून एकात एक भरतात व तो गोळा निखाऱ्यांत भाजतात. राख झटकून व फोडून तो तूप, तुरीचे वरण आणि वांग्याची भाजी यांबरोबर खातात. १६ व्या शतकातील एकनाथांच्या भारुडात देवीला वाहावयाच्या रोडग्याचा उल्लेख आढळतो. शिधा व भांडी बैलगाडीतून नेत. रोडगे भाजण्यास पुरुषही हातभार लावीत. पंगत पळसाच्या पत्रावळींवर बसे.

१९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला. पुढे एस.टी.चे जाळे विस्तारले व पैनगंगेवरील सहस्रकुंड धबधब्यासारखी ठिकाणे एका दिवसात पाहून परतणे सोयीचे झाले. अशा सहलींत पोळ्या, दशम्या, कोरडी भाजी, लोणचे व चिवडा यांचे डबे नेण्याची रीत वाढली. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये अभयारण्यात आग लावण्यास मनाई आहे. त्यामुळे टिपेश्वरसारख्या अभयारण्यात चूल मांडता येत नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून सोयाबीनचा पेरा वाढला व ज्वारीचा घटला. कापूस व सोयाबीन ही विक्रीची पिके असून त्यांपासून शेतातच भाजून खाण्याजोगे काही करण्याची येथे रीत नाही. तूर आंतरपीक म्हणून राहिल्याने शेंगा टिकल्या. हुरड्यासाठी मात्र पुष्कळांना ज्वारी मुद्दाम राखावी किंवा विकत आणावी लागते. पत्रावळींची जागा थर्माकोलच्या ताटांनी घेतली होती. त्यांवर राज्यात २०१८ मध्ये बंदी आली.

रोडगे अद्याप लोकप्रिय आहेत. तथापि ते आचाऱ्याकडून करवून घेण्याचा प्रघातही पडला आहे. त्यामुळे पदार्थ टिकला, पण तो सर्वांनी मिळून रांधण्याची रीत क्षीण होत आहे. नव्या पिढीला रोडग्याची चव परिचित असते; आर राखण्याचे व तो न करपता भाजण्याचे कसब मात्र तिच्याकडे आपोआप येत नाही.