शिकवायला गेले, शिकून आले

वाचकहो, आमची हयात रुग्णालयात गेली. तेथे एक धडा पक्का झाला : कागदावर काहीही लिहिलेले असो, रोग्याला स्वतः विचारल्याखेरीज दुखणे कळत नाही. मिशनऱ्यांच्या इतिहासाचे अभ्यासक अँड्र्यू वॉल्स यांच्याविषयी वाचताना आम्हांस हेच आठवले.

वॉल्स यांचा जन्म 1928 सालचा, इंग्लंडमधला. ऑक्सफर्डला त्यांनी प्राचीन ख्रिस्ती धर्माचार्यांचा अभ्यास केला. 1957 साली ते सिएरा लिओनमधील फूरा बे कॉलेजात शिकवावयास गेले. जुन्या चर्चचे ज्ञान नव्या चर्चला द्यावे, हा हेतू. वर्गात ते दुसऱ्या शतकातील चर्चचा इतिहास जुन्या त्रुटित लेखांवरून शिकवीत. एके दिवशी लख्ख प्रकाश पडला, की तसलेच चर्च आपल्याभोवती जिवंत नांदते आहे! तेव्हापासून गुरुजी विद्यार्थी झाले.

पुढे 1962 पासून ते नायजेरियात, 1966 पासून ॲबर्डीनला होते. 1967 साली त्यांनी आफ्रिकेतील धर्मांवर नियतकालिक सुरू केले, 1982 साली अभ्यासकेंद्र काढले. मिशनचा इतिहास केवळ गोऱ्या पाद्र्यांचा नव्हे. ज्यांनी तो धर्म आपल्या भाषेत घेतला त्यांचाही आहे, हे त्यांचे सांगणे. 2021 साली ते वारले.

याचे आपल्याला काय? सांगतो. 1829 साली मुंबईस आलेले स्कॉटिश पाद्री जॉन विल्सन यांनी 1832 साली आपल्या लोकांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता. आपल्या पूर्वजांनी हिब्रू घेतली, धर्म मात्र आपलाच राखला. पाद्र्यांचे अहवाल जपून राहिले; पण ते व्याकरण हाती धरणाऱ्या आपल्या माणसांच्या मनात काय होते, ते कोणी टिपले?

हाईम सॅम्युएल केहिमकरांनी 1897 साली आपल्या समाजाचा इतिहास लिहून काढला. तो छापला गेला 1937 साली, तेल अवीवला. चाळीस वर्षे हस्तलिखित पडून होते. ते हरवले असते तर?

म्हणून विनंती एवढीच. घरात आजी असेल तर मलिद्याच्या ताटाशी तिच्याजवळ बसा, तिला विचारा, आणि ती सांगेल ते तिच्याच मराठीत वहीत उतरवा. आम्ही आमच्या आईला विचारायचे राहून गेलो.