शेवटचे काहीशे हात : नौरूच्या किनाऱ्यावरील मालवाहतूक

सागरी मालवाहतुकीचा विचार करताना आपले लक्ष साहजिकच अंतराकडे जाते : किती मैल, किती दिवस, किती भाडे. दूरस्थ द्वीपराष्ट्रांचा इतिहास पाहिला तर आम्हांला मात्र निराळे चित्र दिसते. हजारो मैलांचा महासागर जहाजे सुखरूप ओलांडतात. माल अडतो तो किनाऱ्यालगतच्या शेवटच्या काहीशे हातांत. पॅसिफिकमधील नौरू हे त्याचे बोलके उदाहरण होय.

विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेस असलेल्या या बेटाचे क्षेत्रफळ जेमतेम २१ चौरस किलोमीटर. नैसर्गिक बंदर नाही. सभोवार प्रवाळखडकाचे कडे असून त्यापलीकडे समुद्रतळ एकदम इतका खोल जातो, की जहाजाला नांगर टाकता येत नाही. त्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पश्चिमेचे वारे सुटले, की पश्चिम किनाऱ्याजवळ जहाज थांबवणे धोक्याचे ठरते.

१९०७ साली येथून फॉस्फेटची निर्यात सुरू झाली. जहाजे बांधण्यासाठी खोल समुद्रात तळाशी जखडलेले बोये बसवण्यात आले. प्रारंभी फॉस्फेट होड्यांतून जहाजापर्यंत नेत असत. १९३० मध्ये खडकापलीकडे झेपावणारे पोलादी बाहू उभे राहिले आणि ते थेट जहाजाच्या पोटात पडू लागले. ही योजना वाखाणण्याजोगी होती, यात शंका नाही. परंतु तिची दिशा लक्षात घ्यावयास हवी. ती बेटावरून बाहेर जाणाऱ्या मालासाठी होती. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या शेतांना त्यातून स्वस्त खत मिळाले. बेटावर येणारे धान्य नि इतर सामान मात्र पुढेही जहाजातून पडावात आणि पडावातून किनाऱ्यावर असेच उतरत राहिले.

या व्यवस्थेचे दुबळेपण युद्धात उघडे पडले. डिसेंबर १९४० मध्ये खराब हवेमुळे फॉस्फेटची जहाजे बेटाबाहेर तरंगत खोळंबली असता जर्मन हल्लेखोर जहाजांनी ६ ते ८ तारखांच्या दरम्यान या परिसरात पाच जहाजे बुडवली. २७ डिसेंबरला ‘कोमेट’ने किनाऱ्यावरील यंत्रणेवर तोफा डागल्या. ऑगस्ट १९४२ मध्ये जपानी सैन्य उतरले. पुढील वर्षी सुमारे १२०० नौरूवासीयांना ट्रुक बेटांवर नेण्यात आले. ३१ जानेवारी १९४६ रोजी त्यांतील ७३७ जण परतले. इकडे पुरवठ्याची जहाजे बंद पडल्यावर बेटावर उरलेल्यांनी भोपळ्यांवर दिवस काढले.

त्याच ३१ जानेवारीला, १९६८ साली, नौरू स्वतंत्र झाले. नव्या राष्ट्राने स्वतःची जहाज कंपनी काढली, ती केवळ मिरवण्यासाठी नव्हे. माल कधी यावा हे परक्याने ठरवावयाचे, याचा अर्थ त्या पिढीला ठाऊक होता.

या इतिहासातून व्यवहाराचे काही नियम आपोआप निघतात. अशा बेटाकडे माल धाडताना तारीख पंचांगावरून नव्हे, वाऱ्यावरून धरावी. पेट्यांचे वजन पडावाला पेलेल इतकेच ठेवावे. आणि एक जहाज चुकले तरी चूल पेटती राहील एवढा साठा आधीच किनाऱ्यावर असावा. पण आमच्या मते खरा प्रश्न याच्याही आधीचा आहे : धक्का बांधताना कोणाची गरज समोर ठेवली होती, नेणाऱ्याची की राहणाऱ्याची? नौरूच्या किनाऱ्यावर दीर्घकाळ त्याचे उत्तर एकच होते.