माळवदावरची चिरलेली भाजी

पुण्या-मुंबईच्या दुकानांत चिरून, धुऊन, पारदर्शक पिशवीत बंद केलेली भाजी मिळू लागल्यापासून, ती अखंड ताज्या भाजीइतकी आरोग्यदायी असते काय, हा प्रश्न जणू आजच उद्भवला असावा अशा थाटात विचारला जातो. परंतु ज्या बीड जिल्ह्यात कित्येक पिढ्यांनी वर्षाचे काही महिने, फार पूर्वीच चिरून ठेवलेल्या भाजीवर काढले, तेथे हा प्रश्न नवा नाही.

बालाघाटच्या डोंगररांगांनी व्यापलेल्या या मुलखात पर्जन्यमान सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तेही बेभरवशाचे. ताजी भाजी म्हणजे विहिरीचे पाणी, आणि विहिरीचे पाणी म्हणजे ऐपत, असे येथील जुने समीकरण होते. सन 1582 च्या सुमारास, मुर्तजा निजामशहाच्या अमदानीत, बीडचे जहागीरदार सलाबतखान यांनी राजा भास्कर या स्थापत्यविशारदाकडून खजाना विहीर बांधवून घेतली आणि भूमिगत पाटांनी तिचे पाणी शेतांना पुरविले. त्या पाण्याखालच्या मळ्यांना बारमाही हिरवेपण लाभले असेल, परंतु हैदराबाद संस्थानच्या महसुली दप्तरांत जी जमीन ‘खुश्की’, म्हणजे कोरडवाहू, या सदराखाली नोंदली जात असे, तिच्या धन्याला श्रावण-भाद्रपदात भाजीचा सुकाळ आणि चैत्र-वैशाखात दुष्काळ हाच क्रम ठाऊक होता.

या विषमतेवर गृहिणींनी योजलेला उपाय म्हणजे वाळवण. गवारीच्या शेंगा मिठाच्या उकळत्या पाण्यातून काढून, शेंदाडाच्या फोडी मीठ चोळून, वांगी-भेंडी-कारली चकत्या करून, आणि हरभऱ्याचा कोवळा पाला तसाच खुडून, हे सारे धाब्याच्या घरांच्या माळवदांवर धोतराच्या जुन्या पानांवर पसरले जाई, आणि खुळखुळ वाजेपर्यंत वाळल्यावर गाडग्यांत भरून उतरंडीत रचले जाई. उकळत्या पाण्यातून काढण्याने भाजीतील विकरे निष्क्रिय होतात, हे तत्त्व आज भाजी वाळविणाऱ्या कारखान्यांतही पाळले जाते. बीडच्या बायकांना विकर हा शब्द ठाऊक नव्हता, पण कच्ची वाळविलेली गवार काळवंडते आणि वातड होते, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आता या भाजीत पोषण किती उरे? हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे, कारण जुन्याचे सारेच गोडवे गाणारी एक जात आपल्याकडे आहे. भाजी चिरली की पेशी फुटतात, विकरांचा प्राणवायूशी संबंध येतो आणि क जीवनसत्त्व नासू लागते. उन्हात तर त्याचा बहुतांश भाग जातो, आणि हिरव्या पाल्यातील कॅरोटीनही प्रकाशाने बरेच क्षीण होते. लोह, चुना आणि चोथा मात्र टिकतात. क जीवनसत्त्वाची ओळख शास्त्रज्ञांना निश्चितपणे पटली ती 1932 साली. येथील ताटाने ती उणीव त्यापूर्वीच, नकळत, हिरव्या मिरचीच्या ठेच्याने, लिंबाने, कच्च्या हरभऱ्याच्या घोळाण्याने आणि बोरा-आवळ्यांनी काही अंशी भरून काढली होती. अवर्षणाने हीही साधने हिरावली की मात्र उतरंड एकटी पुरी पडत नसे.

या जुन्या चिरलेल्या भाजीचा आणि आजच्या पिशवीतील भाजीचा मूलभूत भेद ओलाव्याचा आहे. वाळवणात पाणीच नसल्याने जंतूंना थारा नसे. पिशवीतील भाजी चिरलेलीही असते आणि ओलीही, म्हणजे तिच्या जखमा उघड्या आणि जंतूंना पाणी मुबलक. कारखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंत पाच अंशांच्या आतला गारवा अखंड राहिला आणि ती लवकर वापरली, तर तिचे नुकसान बेताचे असते, किंबहुना चार दिवस टोपलीत सुकलेल्या पालेभाजीपेक्षा ती सरसही ठरेल. गारवा तुटला की ती वाळवणाहून अधिक धोक्याची. वैशाखातल्या बीडमध्ये, जेथे वीज जाणे ही वार्ताही नव्हे, तेथे अशा पिशवीवर विसंबावे असे मला वाटत नाही.

वाळवण मात्र अद्याप संपलेले नाही. दिवाळीच्या आसपास जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची बिऱ्हाडे कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. पहाटेपासून फडात राबणाऱ्या आणि रात्री कोपीत चूल पेटविणाऱ्या बाईला ताजी भाजी निवडायला ना वेळ असतो, ना जवळ बाजार, आणि म्हणून बाजरीच्या पिठाच्या शेजारी वाळलेल्या गवारीचे एखादे गाठोडे आजही गाडीत चढते.