खोंड बडवायचा म्हंजे काय?

परवा एका तरुण दूधवाल्या पोरानं हे विचारलं. त्याच्या गोठ्यात सगळ्या एचएफ गाया. गोऱ्हा मोठा झालेला त्यानं बघितलाच नाही. म्हणून लिहितो.

अकोले तालुक्यातला डांगी असो की श्रीगोंद्याकडचा खिल्लार, आपल्याकडं खोंड लहानपणी खच्ची करत नसत. लवकर बडवला तर मान भरत नाही, वशिंड चढत नाही, मग जू कशावर ठेवायचं? हिशोब खोटा नव्हता. पण तोवर हाच खोंड गायरानात गाया फळवून मोकळा व्हायचा. मरतुकड्याची औलाद गावभर. 1928 साली शेतीच्या रॉयल कमिशनच्या अहवालात गुरांच्या पैदाशीवर बरंच लिहून आलं. मग 1933 ला मुंबई इलाख्यात पशुधन सुधारणा कायदा झाला. नगर जिल्हा त्याच इलाख्यात. नापसंत वळू खच्ची करायचा अधिकार सरकारला मिळाला. पण गोठ्यातली रीत कायद्यानं लगेच बदलते व्हय?

जुनी पद्धत लई वाईट. खोंड दोरानं पाडायचा, चारी पाय बांधायचे, शिरा दोन काठ्यांत धरून वरून ठेचायच्या. हंबरडा शिवारभर ऐकू यायचा. पंधरा दिवस सूज.

मी शाळेत असताना आमच्या वडलांनी साडेतीन वर्षांचा खोंड असाच बडवून घेतला. एका बाजूची शीर राहिली. दोन महिन्यांनी तो शेजाऱ्याच्या गाईवर चढला तेव्हा कळलं. दवाखान्यात परत पाडावा लागला. तिथं मी पहिल्यांदा बर्डिझोचा चिमटा बघितला. इटलीतल्या बर्डिझो नावाच्या जनावरांच्या डॉक्टरानं तो काढला. कातडी फुटत नाही, रक्त नाही, आतली शीर तेवढी चेंगरते. डॉक्टर म्हणाले, एकेक बाजू वेगळी धरायची, दोन्ही दाब एका रेषेत आले तर पिशवीचं रक्त बंद पडून ती सडते. मोठ्या खोंडाची शीर जाड, म्हणून चिमटा मोठाच लागतो. आता तर आधी भूल देतात, ते बरंच झालं.

सध्या माझ्याकडं एक खिल्लार खोंड आहे, चार दाती. 2021 च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं शर्यती मोकळ्या केल्या तेव्हापासून गिऱ्हाईक येतंय, म्हणतं आहे तसाच द्या, बडवू नका. पैसा चांगला सांगतात. पण पेरणीला मला जोड पाहिजे, आणि वाडीत दोन गाया माजावर आहेत. डॉक्टरांना फोन केलाय, मोठा चिमटा घेऊन या म्हणून. सोमवारी येतो म्हणालेत.