निद्राश्वासरोध, अवरोधी : आनुवंशिकतेच्या शोधाचा इतिहास

झोपेत घशातील श्वासमार्ग वारंवार मिटून श्वसन काही काळ थांबणे, या विकारास अवरोधी निद्राश्वासरोध म्हणतात. हवेचा प्रवाह निदान १० सेकंद बंद पडल्यास तो एक श्वासरोध मानतात. पूर्ण व अंशतः अशा रोधांची संख्या तासाला सरासरी ५ किंवा अधिक असल्यास विकार आहे असे समजतात; ३० किंवा अधिक असल्यास तो तीव्र ठरतो. जागेपणी जिभेचे व ग्रसनीचे (घशाच्या पोकळीचे) स्नायू श्वासमार्ग उघडा ठेवतात. झोपेत ते शिथिल होतात आणि मूळचा मार्ग अरुंद असल्यास तो मिटतो. छाती व मध्यपटल यांची धडपड चालूच राहते; रक्तातील ऑक्सिजन कमी होतो; मेंदू क्षणभर जागा होतो आणि मोठ्या घोरण्यासह श्वास पुन्हा सुरू होतो. रुग्णास याची बहुधा आठवण राहत नाही. दिवसा अनावर झोप, उच्च रक्तदाब, हृदयविकार व पक्षाघात यांचा वाढता धोका, तसेच वाहन चालविताना होणारे अपघात हे याचे परिणाम होत.

हा विकार म्हणजे अतिस्थूलतेचे व पर्यायाने खादाडपणाचे फळ होय, ही समजूत दीर्घकाळ रूढ होती. विकार कुटुंबात वारशाने उतरू शकतो, हे १९७८ नंतरच्या संशोधनाने हळूहळू स्पष्ट झाले. त्या शोधाचा मागोवा पुढे घेतला आहे.

पिकविक संलक्षण : चार्ल्स डिकन्स यांच्या पिकविक पेपर्स (१८३६–३७) या कादंबरीत जो नावाचा एक लठ्ठ नोकर मुलगा आहे. तो उभ्याउभ्या झोपतो व घोरतो. या विनोदी पात्राचा आधार घेऊन सी. सिडनी बरवेल व त्यांचे सहकारी या अमेरिकन वैद्यांनी १९५६ मध्ये अतिस्थूलता, दिवसा येणारी झोप व अपुरे श्वसन यांच्या समुच्चयास ‘पिकविक संलक्षण’ हे नाव दिले. पत्त्यांच्या डावात हाती उत्तम पाने आली असतानाही ज्यास झोप लागली, असा एक रुग्ण त्यांनी वर्णिला आहे. मेदाच्या भारामुळे श्वसन उथळ होऊन रक्तात कार्बन डाय-ऑक्साइड साचतो व त्यामुळे गुंगी येते, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. आज स्थूलताजन्य अल्पश्वसन हा वेगळा विकार मानला जातो. तथापि या नामकरणामुळे झोपाळू रुग्ण म्हणजे लठ्ठ रुग्ण, हे समीकरण वैद्यकात रुजले व त्यास थट्टेची छटाही आली.

अवरोधाचा शोध : १९६५ मध्ये फ्रान्समध्ये आंरी गास्तो व त्यांचे सहकारी आणि जर्मनीत रिखार्ट युंग व कूलो यांनी अशा रुग्णांच्या झोपेची रात्रभर नोंद घेतली. झोपेत श्वास पुनःपुन्हा बंद पडतो व त्यामुळे झोपेचे तुकडे होतात, असे त्यांना आढळले. दोष मार्गातील अडथळ्याचा असेल, तर अडथळ्याच्या खाली वाट करून दिल्यास लक्षणे जावयास हवीत, हा तर्क १९६९ मध्ये कूलो व त्यांच्या सहकाऱ्यांनी श्वासनलिकेस छिद्र पाडून खरा करून दाखविला. इटलीत बोलोन्या येथे एलिओ लुगारेसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अभ्यास पुढे नेला. स्टॅनफर्ड विद्यापीठातील क्रिस्तियां गिलमिनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये निद्राश्वासरोधाच्या संलक्षणांचे विस्तृत वर्णन केले. स्थूल नसलेल्या माणसांतही हा विकार आढळतो, हे यानंतर मान्य झाले. मग अशा माणसांत त्याचे कारण काय, हा प्रश्न साहजिकच पुढे आला.

कुटुंबांचा अभ्यास : १९७८ मध्ये किंग्मन स्ट्रोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एकाच कुटुंबातील अनेक व्यक्तींत हा विकार असल्याचे नोंदविले. मात्र एका कुटुंबावरून नियम सिद्ध होत नाही. कुटुंबात आहार व राहणीही समान असतात. त्यामुळे रुग्णांची कुटुंबे व त्याच परिसरातील इतर कुटुंबे यांची तुलना आवश्यक होती. सुसन रेडलाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायओ राज्यातील क्लीव्हलँड येथे असा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष १९९२ व १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. वय, लिंग, वंश व स्थूलता यांचा प्रभाव वजा केल्यावरही एक आप्त बाधित असल्यास धोका सुमारे दीडपट, दोन असल्यास अडीचपट व तीन असल्यास जवळजवळ चौपट आढळला.

एडिंबरो येथे माथुर व डग्लस यांनी १९९५ मध्ये मुद्दाम स्थूल नसलेले रुग्ण निवडून त्यांच्या जवळच्या नातेवाइकांची तपासणी केली. या नातेवाइकांतही श्वासरोधाचे प्रमाण अधिक होते. शिवाय त्यांचे जबडे मागे सरकलेले व घशाचा मार्ग अरुंद होता. म्हणजेच मेद नसतानाही चेहऱ्याच्या हाडांच्या ठेवणीतून विकाराचा वारसा मिळू शकतो, असे दिसून आले. पुढे २००२ मध्ये आइसलँडमधील वंशावळींच्या अभ्यासातही रुग्णांच्या प्रथम श्रेणीच्या आप्तांना धोका सुमारे दुप्पट असल्याचे आढळले.

वारशाचे मार्ग : आनुवंशिकता येथे मुख्यतः तीन मार्गांनी कार्य करते. पहिला मार्ग शरीरातील मेदाचे प्रमाण व त्याची वाटणी हा होय. मान व जीभ यांतील मेद श्वासमार्ग अरुंद करतो. दुसरा मार्ग चेहरा व कवटी यांची रचना हा आहे. लहान किंवा मागे गेलेला खालचा जबडा, मोठी जीभ व लांब मृदू तालू यांमुळे मार्ग आकसतो. तिसरा मार्ग श्वसनाच्या नियंत्रणाचा. कार्बन डाय-ऑक्साइडास मेंदू किती तीव्र प्रतिसाद देतो, यावर झोपेतील श्वसनाचे स्थैर्य अवलंबून असते. डाऊन संलक्षण, पिअर रोबिन अनुक्रम व ट्रेचर कॉलिन्स संलक्षण या जन्मजात विकारांत श्वासरोध वारंवार आढळतो. या मार्गांचा, विशेषतः दुसऱ्याचा, तो ठळक पुरावा होय.

चेहऱ्याच्या ठेवणीचे महत्त्व वंशांच्या तुलनेतही दिसले. पूर्व आशियाई पुरुषांत स्थूलता कमी असूनही तीव्र विकार होतो, असे २००० मध्ये स्टॅनफर्ड येथील तुलनेत आढळले. भारतात मुंबई येथील ३५ ते ६५ वर्षे वयाच्या शहरी पुरुषांच्या पाहणीत (२००४) १९·५ टक्के पुरुषांत झोपेतील श्वसन बिघडलेले होते व ७·५ टक्के पुरुषांत त्यासोबत दिवसा झोप येण्याचे लक्षणही होते. विस्कॉन्सिन येथील १९९३ च्या पाहणीत ३० ते ६० वर्षांच्या पुरुषांत लक्षणांसह विकाराचे प्रमाण ४ टक्के होते. मात्र दोन्ही पाहण्यांतील वयोगट व पद्धती भिन्न असल्याने या फरकावरून आनुवंशिकतेविषयी निष्कर्ष काढता येत नाही.

जीनांचा शोध : कुटुंबात वारसा असल्याचे ठरल्यावर तो कोणत्या जीनामुळे (गुणसूत्रांतील आनुवंशिक घटकामुळे) येतो, हा प्रश्न उपस्थित झाला. अ‍ॅपोलिपोप्रोटीन ई या प्रथिनाच्या जीनाचा ई-४ हा प्रकार व श्वासरोध यांचा संबंध असल्याचे २००१ मध्ये विस्कॉन्सिन येथील पाहणीवरून जाहीर झाले. हाच प्रकार आल्झायमर रोगाचा धोका वाढवितो, म्हणून या वृत्ताने विशेष लक्ष वेधले. परंतु इतरत्र केलेल्या पाहण्यांत हा संबंध सातत्याने आढळला नाही. अनेक पाहण्या एकत्र करून २००९ मध्ये केलेल्या विश्लेषणातही तो टिकला नाही. संशयित जीन आधी निवडून थोड्या व्यक्तींत तपासण्याच्या पद्धतीच्या मर्यादा यावरून उघड झाल्या.

याउलट जन्मजात मध्यवर्ती अल्पश्वसन या दुर्मिळ विकारात पीएचओएक्स-२बी या एका जीनातील दोष २००३ मध्ये निश्चितपणे सापडला. त्या विकारात मेंदूकडून श्वसनाचा आदेशच अपुरा येतो. अवरोधी विकारात मात्र असा एकच जीन नसून अल्प परिणामाचे अनेक जीन व परिस्थिती यांचा संयोग कारणीभूत असतो. त्यामुळे संपूर्ण जीनसंच एकदम तपासण्याची पद्धती पुढे आली. फिनलंडमध्ये १६,००० हून अधिक रुग्ण व सुमारे २,००,००० इतर व्यक्ती यांच्या तुलनेतून २०२१ मध्ये पाच जीनस्थाने प्रसिद्ध झाली. त्यांपैकी एक सोळाव्या गुणसूत्रावरील एफटीओ या जीनाजवळचे होते. या जीनाचा स्थूलतेशी संबंध २००७ पासूनच ज्ञात होता. बाराव्या गुणसूत्रावरील एका स्थानाचा संबंध मात्र स्थूलतेचा प्रभाव वजा केल्यावरही कायम राहिला. विकार व स्थूलता यांच्या आनुवंशिक घटकांतील सहसंबंध ०·७२ इतका आढळला. जुनी समजूत सर्वस्वी चूक नव्हती, ती अपुरी होती, असे यावरून म्हणता येईल. शिवाय स्थूलतेकडील कलही अंशतः वारशानेच येत असल्यामुळे लठ्ठ रुग्णासही केवळ दोष देणे शास्त्रीय दृष्ट्या योग्य ठरत नाही.

व्यावहारिक महत्त्व : ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये नाकावाटे सतत दाबाखाली हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवण्याची पद्धती प्रसिद्ध केली. आजही हा प्रमुख उपचार आहे. कारण मेद असो वा जबड्याची ठेवण, तो उपयोगी पडतो. म्हणून खरी अडचण बहुतेक वेळा उपचाराची नसून निदानाची असते. या विकाराचे भाकीत करणारी जीनचाचणी सर्वसाधारण व्यवहारात नाही. परंतु आईवडील किंवा भावंडे मोठ्याने घोरतात काय, झोपेत त्यांचा श्वास थांबतो काय, हे प्रश्न कोणासही विचारता येतात. सडपातळ बांध्याच्या व्यक्तीस हा विकार नसणार, असे गृहीत धरल्यास तिचे निदान वर्षानुवर्षे लांबू शकते. एका सदस्यात विकार आढळल्यास घोरणे वा दिवसा झोप येणे ही लक्षणे असलेल्या त्याच्या आप्तांचीही तपासणी करणे श्रेयस्कर ठरते. वजन कमी करणे, झोपण्यापूर्वी मद्य टाळणे व कुशीवर झोपणे हे उपाय वारसा असलेल्यांसही लाभदायक असतात. कारण आनुवंशिकतेमुळे विकाराची शक्यता वाढते, तो अटळ होत नाही.