बॅकअप सर्व्हर म्हणजे काय? बॅकअप घेऊनही डेटा परत का मिळत नाही?

31 जानेवारी 2017 ची रात्र. जगभरातले प्रोग्रामर आपला कोड जिथे ठेवतात, त्या गिटलॅब या वेबसाइटच्या डेटाबेसमध्ये बिघाड झाला होता. दुरुस्ती करणाऱ्या इंजिनिअरला दुय्यम सर्व्हरवरचं एक फोल्डर रिकामं करायचं होतं. पण त्याने कमांड दिली ती मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली आणि त्याने कमांड थांबवली. तोवर सुमारे 300 जीबी डेटापैकी जेमतेम 4.5 जीबी उरला होता.

अशा वेळी बॅकअप कामाला येतो. पण गिटलॅबने बॅकअप शोधायला घेतला, तेव्हा रोजचा बॅकअप जिथे साठायला हवा होता, ती जागा रिकामी निघाली.

असं का झालं? आणि मोठ्या संस्थांमध्ये बॅकअप नेमका कसा घेतला जातो?

बॅकअप सर्व्हर काय करतो?

आपण फोनमधले फोटो पेनड्राइव्हवर कॉपी करतो, तो झाला साधा बॅकअप. पण बँक, हॉस्पिटल किंवा कारखान्यात शेकडो कॉम्प्युटर असतात. प्रत्येकाची कॉपी हाताने घेणं शक्य नसतं. म्हणून एक वेगळा सर्व्हर हे काम सांभाळतो. कोणत्या मशीनचा बॅकअप किती वाजता घ्यायचा, तो कुठे ठेवायचा आणि किती दिवसांनी पुसायचा, याचं वेळापत्रक त्याच्याकडे असतं. कोणती फाइल कुठल्या डिस्कवर किंवा टेपवर आहे, याची यादीही तोच ठेवतो. या यादीला कॅटलॉग म्हणतात. कॅटलॉग हरवला, तर डेटा असूनही तो शोधणं अवघड होऊन बसतं. त्यामुळे बॅकअप सर्व्हरचाही बॅकअप घ्यावा लागतो.

रोज सगळ्या डेटाची कॉपी का घेत नाहीत?

कारण वेळ पुरत नाही. समजा, 10 टीबी डेटा आहे आणि नेटवर्कचा वेग 1 गिगाबिट आहे. या नेटवर्कवरून सेकंदाला जास्तीत जास्त 125 एमबी डेटा जातो. म्हणजे संपूर्ण कॉपीला किमान 22 तास लागतील. रात्रीच्या सात-आठ तासांत हे बसत नाही.

म्हणून साधारणपणे आठवड्यातून एकदा फुल बॅकअप घेतात. रोज रात्री मात्र आदल्या बॅकअपनंतर जेवढं बदललं तेवढंच कॉपी करतात. त्याला इन्क्रिमेंटल बॅकअप म्हणतात. यात जागा आणि वेळ वाचतो, पण हे बॅकअप साखळीसारखे एकमेकांवर अवलंबून असतात. बुधवारची कॉपी खराब झाली, तर तिच्यावर टेकलेल्या गुरुवार आणि शुक्रवारच्या कॉपीचाही भरवसा राहत नाही.

बॅकअप अडला, तर आधी काय तपासतात?

पहिलं म्हणजे लॉग. जॉब सुरू झाला होता का? कुठे थांबला? पहिला एरर कोणता आला? शेवटचा एरर बहुतेक वेळा परिणाम असतो, कारण नव्हे.

दुसरं, अलीकडे काय बदललं? बॅकअप ज्या अकाउंटने चालतो त्याचा पासवर्ड बदलणं, फायरवॉलचा नवा नियम किंवा एखादं अपडेट, ही नेहमीची कारणं.

तिसरं, डिस्कवरची जागा. डिस्क भरली की जुन्या फाइल्स हाताने डिलीट करायचा मोह होतो. तो टाळायला हवा, कारण त्यात साखळीतला फुल बॅकअप गेला, तर पुढचं सगळं वाया जातं. जुने बॅकअप बॅकअप सॉफ्टवेअरमधूनच काढावेत.

चौथं, वेग. बॅकअप अचानक रेंगाळू लागला, तर मूळ डिस्क, नेटवर्क आणि साठवणुकीची डिस्क यांतलं नेमकं कोण मंद आहे, हे एकेक करून पाहतात.

पाचवं, वापरात असलेल्या फाइल्स. डेटाबेस चालू असताना त्याच्या फाइल्स नुसत्या कॉपी केल्या, तर अर्धवट अवस्थेतली कॉपी हाती येऊ शकते. म्हणून आधी त्या क्षणाचा स्नॅपशॉट घेतात. विंडोजमध्ये हे काम व्हॉल्यूम शॅडो कॉपी ही सर्व्हिस करते. ती अडकली की बॅकअपही अडतो.

सर्वांत धोकादायक बिघाड कोणता?

ज्याची कुणाला खबरच नसते तो. गिटलॅबमध्ये हेच झालं होतं. त्यांचा डेटाबेस 9.6 आवृत्तीचा होता, पण बॅकअप घेणारं टूल 9.2 आवृत्तीचं चालत होतं. त्यामुळे बॅकअप फेल होत होता. तसे ईमेलही निघत होते, पण मेल सर्व्हर ते नाकारत होता. त्यामुळे कुणालाच काही कळलं नाही.

अखेर त्यांना वाचवलं ते योगायोगाने. एका इंजिनिअरने वेगळ्या कामासाठी सुमारे सहा तास आधी एक स्नॅपशॉट घेऊन ठेवला होता. त्यावरून साइट परत उभी राहिली. मधल्या तासांतली सुमारे 5,000 प्रोजेक्टची माहिती, तेवढ्याच कमेंट आणि साधारण 700 नवे युजर मात्र गेले.

म्हणून 'फेल झाला तर कळवा' एवढी सोय पुरेशी नाही. 'आज यशस्वी झाल्याचा निरोप आला नाही', हीच धोक्याची घंटा मानायला हवी. नव्याने घेतलेला सर्व्हर यादीत टाकायचाच राहून गेला, तर त्याचा जॉब कधी फेलही होणार नाही, कारण तो कधी सुरूच झालेला नसतो.

रॅन्समवेअर आलं तर?

नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. ओपीडीची नोंदणी कागदावर करायची वेळ आली. सरकारने नंतर संसदेत सांगितलं की, ई-हॉस्पिटलचा सगळा डेटा हल्ल्यातून वाचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून परत मिळवला. तरीही बहुतांश सेवा सुरळीत व्हायला दोन आठवडे लागले.

रॅन्समवेअर पसरवणारे आधी बॅकअप शोधतात, कारण तो नष्ट केला की खंडणी मिळण्याची शक्यता वाढते. म्हणूनच 3-2-1 हा नियम सांगितला जातो. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. त्यातली किमान एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली किंवा ठरावीक मुदतीपर्यंत कुणालाच पुसता येणार नाही अशी असावी. बॅकअप सर्व्हरचं लॉगिनही ऑफिसच्या नेहमीच्या लॉगिनपेक्षा वेगळं हवं.

मग बॅकअप चालतोय हे कळणार कसं?

तो रिस्टोअर करून पाहिल्यावरच. महिन्यातून एकदा तरी एखादी फाइल आणि वर्षातून एक-दोनदा अख्खा सर्व्हर वेगळ्या मशीनवर परत आणून पाहावा. त्यातून दोन प्रश्नांची खरी उत्तरं मिळतात. किती तासांचा डेटा गमवावा लागेल? आणि काम पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागेल?

तुमचं ऑफिस पाच माणसांचं असलं, तरी हे प्रश्न तेच राहतात. हिशेबाच्या कॉम्प्युटरचा बॅकअप 'रोज होतो' असं कुणी सांगितलं, तर त्यातली मागच्या आठवड्यातली एक फाइल आजच परत काढून दाखवायला सांगा.