गाडीचं नाक आणि अर्धाच तोल

अमेरिकेत हायवेवर गाडीमागे अख्खं घर वाटावं असा ट्रॅव्हल ट्रेलर जाताना दिसला, की प्रश्न पडतो: एवढं ओझं शेपटीला बांधून गाडीचं नाक वर कसं होत नाही? होतं की! ते खाली आणायला जे यंत्र लावतात त्याचं नाव वेट डिस्ट्रिब्यूशन हिच. आणि ते ‘नीट’ लावणं म्हणजे काय, याचं उत्तरच मधल्या काळात बदललं.

आधी थोडं गणित. (घाबरू नका, शाळेतलीच तरफ आहे.) समजा २००० किलोचा ट्रेलर हिचच्या बॉलवर २५० किलो भार टाकतो. गाडीच्या दोन ॲक्सलमध्ये ३ मीटर अंतर, बॉल मागच्या ॲक्सलच्या १.२ मीटर मागे. मग मागच्या चाकांवर २५० नव्हे, ३५० किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे १०० किलो गायब होतात! स्टिअरिंग आणि ब्रेकचा मोठा भरवसा ज्या चाकांवर, तीच हलकी.

दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रेलरची हौस फोफावली. एअरस्ट्रीमचा वॉली बायम १९५१ मध्ये एल पासोहून ट्रेलरांचा तांडाच घेऊन मेक्सिकोत घुसला. दारातली गाडी मात्र बहुतेकांची मऊ स्प्रिंगांची सेडान नाहीतर स्टेशन वॅगन. मागे जाड स्प्रिंग टाकली तर शेपूट उचलली जाते, पण पुढचे १०० किलो काही परत येत नाहीत. आपल्या भाषेत सांगायचं तर यूआय फिक्स, बग तसाच.

हिचने खरा बग धरला. बॉलखालून दोन पोलादी स्प्रिंग बार ट्रेलरच्या चौकटीखाली जातात आणि साखळीने वर ताणले जातात. हातगाडीच्या दांड्या उचलाव्यात तसं. भार थोडा पुढच्या ॲक्सलवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर सरकतो. जुनी शिकवण अशी, की गाडी पुढे-मागे सारखीच दबली पाहिजे. वरच्या उदाहरणात पुढे-मागे सारखा भार वाढवायचा, तर प्रत्येकी साधारण ७३ किलो आणि उरलेले १०४ ट्रेलरवर. दिसायला झकास!

पण रस्ता गाडीचा फोटो बघत नाही. झटक्यात वळलं की ट्रेलर गाडीची शेपूट बाजूला ढकलतो. ती धरून ठेवणार मागचे टायर, आणि त्यांच्यावरचाच भार आपण काढून घेतलेला. पुढची चाकं घट्ट, मागची सुटलेली, म्हणजे गाडी आणि ट्रेलर चाकूसारखे मिटणार. आत कुटुंब बसलंय.

२००८ मध्ये एसएईचं जे२८०७ हे मानक आलं. त्यात गाडी वळताना कशी वागते याचीही चाचणी होती. टोयोटाने २०११ मॉडेलच्या टुंड्रापासून ते स्वीकारलं, बाकीचे बडे नंतर आले. आता बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकांत पुढचं नाक निम्म्याच्या आसपासच खाली आणायला सांगतात. आपल्या उदाहरणात १०० पैकी ५० किलो परत. मागे २७० जादा राहतात; ते मुद्दामच.

पद्धत अगदी साधी, एक टेप पुरे. ट्रेलर जोडण्याआधी पुढच्या चाकावरच्या कमानीची जमिनीपासून उंची मोजा. जोडून, बार न ताणता, पुन्हा मोजा. ९० सेंटिमीटरचे ९४ झाले, तर साखळीच्या कड्या कमी-जास्त करत ९२ वर आणायचं. कड्यांनी जमलं नाही तर बॉलच्या माथ्याचा कल बदलायचा. सगळं सामान भरून, सपाट जागेवर. आकडा मात्र आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला घ्यायचा, कारण काही गाड्यांना हा हिच लावूच नका असं कंपनीनेच लिहिलेलं असतं.